अर्धं पाऊल पुढे

व्हर्लिन टीडमन आठवडाभर शेतांवर गॅस पोचवायचा ट्रक चालवायचा आणि शनिवारी कॉलेजच्या फुटबॉलमध्ये पंच म्हणून उभा राहायचा. फुटबॉल म्हणजे आमचा, आयोवाचा. चेंडू हातात धरून पळायचा आणि समोरच्याला आडवा करायचा. मी त्याच्याच चमूचा मुख्य पंच. मला मर्ल म्हणतात. पांढरी टोपी माझी, बाकी सगळ्यांच्या काळ्या, अंगात सगळ्यांच्याच पट्ट्यापट्ट्यांचे सदरे. लोकांना आम्ही माणसं म्हणून दिसतच नाही, शिव्या घालायला सोयीचे खांब म्हणून दिसतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार एकाच माणसाबद्दल आहे आणि ती मी मरेपर्यंत सोडणार नाही.

त्याआधी आमच्या धंद्याबद्दल थोडं बोलायला हवं. नियमांचं पुस्तक बोटभर जाड आहे. ते अक्षरशः पाळायचं ठरवलं तर दर खेळीला चूक दाखवणारा पिवळा रुमाल पडेल आणि शनिवारी आलेले लोक मंगळवारी घरी जातील. म्हणून पंचाकडे दोन पुस्तकं असतात, एक छापलेलं आणि एक पोटातलं. एका पोराने दुसऱ्याचा सदरा धरला, पण चेंडू पार दुसऱ्या टोकाला होता, तर रुमाल काढायचा नाही. जाता जाता त्याच्या कानात म्हणायचं, "बाळा, पुढच्या वेळी दिसेल हं मला." पोरगं ओशाळतं आणि पुन्हा करत नाही. कोणत्या नियमाला कुठे दात आहेत आणि कुठे नुसतेच ओठ, हे कळायला दहा-बारा वर्षं लागतात. काहींना कधीच कळत नाही. ते पुढे पंचांचे अधिकारी होतात.

व्हर्लिनला ते सगळ्यांत चांगलं कळायचं. तो रेषापंच. चेंडू जिथे ठेवलेला असतो, तिथून मैदानाच्या दोन्ही कडांपर्यंत एक रेषा मनात धरायची. चढाई करणाऱ्या संघाचे निदान सात गडी त्या रेषेवर हवेत, नाहीतर खेळी बाद. त्या सातांतला सगळ्यांत कडेचा गडी लांब एकटा, रेषापंचाच्या अगदी जवळ उभा असतो. तिथून त्याला आपण रेषेवर आहोत की नाही हे नीट दिसत नाही. म्हणून तो मान वळवून पंचाकडे बघतो आणि बोट दाखवून विचारतो. व्हर्लिन म्हणायचा, "अर्धं पाऊल पुढे." पोरगं सरकायचं. व्हर्लिन काही बोलला नाही तर त्याचा अर्थ सगळं ठीक आहे. हे सांगणं कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. पण गेली कित्येक वर्षं आमच्याकडच्या पोरांना तेच माहीत होतं, की पंच गप्प म्हणजे आपण बरोबर.

आता एका शिट्टीबद्दल. आमच्या खेळात शिट्टी वाजली की चेंडू मेला, खेळी तिथेच संपली. चुकून वाजली तरी मेला, त्याला कोणी जिवंत करू शकत नाही. एका वर्षी अंतिम सामन्यात ब्लूस्टेम कॉलेजच्या पोरांनी चेंडू एकाला दिल्यासारखं केलं आणि दिला दुसऱ्याला. ज्याला दिल्यासारखं केलं होतं तो ढिगाऱ्याखाली गेला. व्हर्लिन फसला, त्याने शिट्टी फुंकली. तेवढ्यात खरा चेंडू घेतलेला गडी मोकळ्या मैदानात सुसाट निघालेला. त्याला परत आणून खेळी पुन्हा घ्यावी लागली आणि ब्लूस्टेम हरलं.

अशा वेळी आमच्यात एकच रीत आहे. ज्याची शिट्टी, त्याने हात वर करायचा. गर्दीत सात पंच असतात, कोणाची शिट्टी वाजली हे बाहेरच्याला कळत नाही, लपवायचं तर सहज लपवता येतं. व्हर्लिनने सगळ्या मैदानासमोर हात वर केला आणि ब्लूस्टेमच्या प्रशिक्षकाकडे चालत जाऊन म्हणाला, "माझी शिट्टी, कोच. चुकलो."

त्या प्रशिक्षकाचं नाव रॉइस डेनहार्ट. उंच, देखणा, दात पांढरेशुभ्र. दर सोमवारी संध्याकाळी गावातल्या सपर क्लबमध्ये त्याचा रेडिओचा कार्यक्रम व्हायचा. लोक मांस-बटाटे खात बसायचे आणि हा मायक्रोफोनसमोर बसून शनिवारच्या सामन्याचं कवित्व करायचा. त्या सोमवारी तो हसत हसत म्हणाला, "शिट्टीवाले साहेब पलीकडच्याच गावात गॅस विकतात. टीडमन. फोनच्या पुस्तकात नंबर आहे. तुम्हीच विचारा त्यांना, डोळे कुठे गहाण टाकले होते."

लोकांनी विचारलं. कापणीचे दिवस होते, शेताशेतावर मका वाळवायची गॅसवरची यंत्रं रात्रंदिवस चालू होती, त्यामुळे व्हर्लिन पहाटेपासून ट्रकवर असायचा. घरी होती अर्डिथ, त्याची बायको. रक्ताचा कॅन्सर झालेला, बाहेरच्या खोलीत खाट टाकून निजलेली. काही लागलं तर व्हर्लिनला किंवा दवाखान्यात कळवता यावं म्हणून फोन तिच्या उशाशी ठेवला होता. प्रत्येक वेळी घंटी वाजली की तिला वाटायचं, डॉक्टरांचा असेल. ती उचलायची. आठवडाभर ती उचलत राहिली.

व्हर्लिनला ती म्हणाली, राँग नंबर येतात हल्ली. खरं काय ते शेजारच्या जॉइस प्लेगीने सांगितलं. ती कॅसरोल घेऊन आली होती, तेव्हा तिच्यासमोरच एक फोन आला. अर्डिथने मध्येच सांगितलं म्हणे, की मी आजारी आहे हो. पलीकडचा म्हणाला, "मग मर ना लवकर, नवऱ्याला चष्मा तरी परवडेल." जॉइसने रिसीव्हर ओढून घेतला आणि तारच भिंतीतून उपटली.

नाताळच्या आधी अर्डिथ गेली. ती फोनमुळे गेली असं डॉक्टर म्हणणार नाही आणि मीही म्हणत नाही. पण तिचे शेवटचे शुद्धीतले दिवस अनोळखी माणसांच्या शिव्या ऐकण्यात गेले. अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात लोकांनी हॅमचे सँडविच खाल्ले, व्हर्लिन कोपऱ्यात कॉफीचा कप धरून उभा होता. मी जवळ गेलो तर इतकंच म्हणाला, "मर्ल, एक दिवस तो माझ्या रेषेसमोर येईल."

पाच वर्षं आला नाही. त्या काळी प्रशिक्षकांना नको असलेल्या पंचाच्या नावावर काट मारता यायची. डेनहार्टने व्हर्लिनच्या नावावर काट मारली होती, त्यामुळे ब्लूस्टेमच्या सामन्याला त्याला पाठवताच येत नव्हतं. मग आमच्या विभागाला गॅलन रूल नावाचा नवा पंचप्रमुख आला. त्याने ही काट मारायची पद्धतच बंद केली. ऑक्टोबरच्या यादीत आमच्या चमूपुढे ब्लूस्टेम लिहून आलं. तो सामना जिंकला तरच ब्लूस्टेम पुढच्या फेरीत जाणार होतं, आणि पुढच्या फेरीवर डेनहार्टची एका मोठ्या कॉलेजातली नोकरी अडून होती. हे सगळ्या जिल्ह्याला ठाऊक होतं.

सामन्याआधी आम्ही एकत्र न्याहारी करतो आणि नियमांची उजळणी करतो. बाकीचे उठल्यावर मी व्हर्लिनला थांबवलं.

"हे बघ," मी म्हणालो, "आज एक जरी खोटा रुमाल पडला ना, तर मी स्वतः तुझा सदरा काढून घेईन."

"खोटा कधी टाकलाय मी?"

"म्हणून तर सांगतोय."

"सिनॅमन रोल संपव तुझा," तो म्हणाला. "थंड झाला की चामडं होतं त्याचं."

मैदानावर डेनहार्ट आमच्याशी हात मिळवायला आला. दात दाखवत व्हर्लिनचा हात हलवला आणि म्हणाला, "काय आजोबा, नवीन वाटतं आमच्याकडे?" थट्टा नव्हती ती. त्याला खरंच आठवत नव्हतं. ज्या माणसाच्या घरात त्याने आठवडाभर घाण ओतली, त्याचा चेहराही त्याने लक्षात ठेवला नव्हता. व्हर्लिन म्हणाला, "नवीनच म्हणा, कोच." मला वाटतं त्याच क्षणी काहीतरी ठरलं. तोपर्यंत कदाचित तो सोडूनही देणार होता.

सामनाभर व्हर्लिन लोण्यासारखा मऊ. प्रशिक्षकाने मैदानाच्या कडेची पांढरी पट्टी ओलांडायची नसते. डेनहार्ट सारखा ओलांडायचा. त्याच्या कमरेचा पट्टा मागून धरून ठेवायला एक धडधाकट माणूसच नेमलेला होता, गाय ओढावी तसा तो त्याला मागे ओढायचा. या एका कलमावर व्हर्लिनने त्याला पाच-पाच यार्ड मागे हटवायच्या दंडांनी सोलून काढला असता आणि कोणी काही म्हणू शकलं नसतं. पण नाही. "कोच, जरा मागे. धन्यवाद." कडेच्या गड्यालाही तो नेहमीसारखं सांगत होता, अर्धं पाऊल पुढे, आता ठीक, शाब्बास. हा कडेचा गडी म्हणजे लेन वुब्बेन, ब्याऐंशी नंबरचा, शेतकऱ्याचा मुलगा, अंगाने काटकुळा, दरवेळी न चुकता विचारणारा आणि 'थँक यू, सर' म्हणणारा. मी मनात म्हटलं, चला, म्हातारा निवळला.

शेवटची काही सेकंदं. ब्लूस्टेम चार गुणांनी मागे, गोलरेषा आठ-नऊ यार्डांवर, शेवटची संधी. सगळं स्टेडियम उभं. लेन वुब्बेन धावत कडेला गेला, चिखलात पाय रोवले, आणि घाबरून म्हणा की थकून म्हणा, रेषेच्या चांगलाच मागे उभा राहिला. त्याने मान वळवली. व्हर्लिनकडे बघून बोट दाखवलं.

मी मधून बघत होतो. व्हर्लिन गुडघ्यांवर हात ठेवून वाकलेला, नजर सरळ. त्याने पोराकडे बघितलं. मग पुन्हा सरळ बघितलं. तोंड उघडलं नाही.

पोराला वाटलं, बरोबर आहे.

चेंडू उडाला, गोलरेषेपलीकडच्या कोपऱ्यात ब्लूस्टेमच्या दुसऱ्याच एका गड्याने तो उडी मारून झेलला, आणि आवाज असा झाला की माझ्या दातात कळ गेली. डेनहार्ट पट्टा धरणाऱ्याला फरफटत मैदानात घुसला. मग हळूहळू तो आवाज ओसरत गेला, कारण व्हर्लिनच्या पायाशी गवतावर पिवळा रुमाल पडलेला होता.

मी त्याच्याजवळ गेलो. "काय आहे?"

"सहाच रेषेवर. ब्याऐंशी नंबर मागे."

"नक्की?"

"आंधळ्यालाही दिसेल. फिल्म बघ हवं तर."

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. त्यात काहीच नव्हतं. मी मायक्रोफोन चालू केला आणि ती खेळी बाद केली. पाच यार्ड मागून त्यांना पुन्हा एक संधी मिळाली. चेंडू बँडवाल्यांच्या ढोलावर जाऊन आदळला. ब्लूस्टेम हरलं. डेनहार्टचे ते दात पहिल्यांदाच झाकलेले दिसले आणि खरं सांगतो, मला थंडगार सरबत प्यायल्यासारखं वाटलं.

बाहेर जाताना लेन वुब्बेन आडवा आला. हेल्मेट हातात, तोंडावर चिखल. "सर," तो व्हर्लिनला म्हणाला, "मी विचारलं होतं." बस्स, तेवढंच. व्हर्लिन त्याच्या बाजूने निघून गेला.

रविवारी तो दिवसभर फोनजवळ बसला. मी गेलो तर टेबलावर पाय, शर्टाच्या बाह्या वर सारलेल्या. "येऊ दे," म्हणाला. "सगळ्यांचे येऊ देत. या वेळी उचलणारा मी आहे." पण एकही फोन आला नाही. येणार कसा? निर्णय इतका स्वच्छ होता की ब्लूस्टेमच्या गल्लीतल्या कुत्र्यालाही त्यावर भुंकता येत नव्हतं. सोमवारी गॅलन रूलने फिल्म बघून त्या रुमालापुढे 'अचूक' असा शेरा मारला.

"चल, सपर क्लबला जाऊ," सोमवारी व्हर्लिन म्हणाला. "मला त्याचं तोंड बघायचंय. घास गिळताना."

पंच तिथे कधी जात नाहीत. पण त्याला एकट्याला सोडणं मला बरं वाटेना. पट्ट्यांचा सदरा नसला की आम्हाला कोणी ओळखत नाही. बियाणं कंपनीच्या टोप्या घालून आम्ही दोघं मागच्या टेबलावर बसलो. पुढच्या टेबलावर डेनहार्टची बायको लोर्ना, चार पैसेवाले देणगीदार, आणि मध्ये मायक्रोफोनसमोर तो.

कोणीतरी रुमालाचं विचारलंच. डेनहार्ट हसला. "पंचांचं काही चुकलं नाही. मी फिल्म पाहिली. आमच्याच एका गड्याला सातपर्यंत मोजता येत नाही, त्याला कोण काय करणार?" लोक हसले. "लेन वुब्बेन. पोरगं तसं चांगलं आहे, पण एवढ्या लोकांच्या कष्टांवर पाणी ओतलं. आता त्याच्या बापाला विचारा, घरी शिकवलंय काय. फोनच्या पुस्तकात वुब्बेन एकच आहेत."

व्हर्लिनचा काटा ताटात आडवा झाला. मी त्याची बाही धरली. ती त्याने इतक्या सहज सोडवली की मला वाटलं, आपण धरलीच नव्हती.

प्रश्न विचारणाऱ्यांसाठी मध्ये एक मायक्रोफोन ठेवलेला असायचा. त्याच्यासमोर जाऊन त्याने टोपी काढली.

"कोच, त्या पोराला मोजता येतं. त्याने मला विचारलं होतं. तो मागे होता ते मला दिसत होतं. आजवर हजार पोरांना मी सांगितलं असेल, पुढे सरक म्हणून. त्याला नाही सांगितलं."

डेनहार्टने डोळे बारीक केले. "तुम्ही तो पंच?"

"हो. आणि मुद्दाम गप्प बसलो. तुमच्यासाठी."

 डेनहार्टला पहिल्यांदा घबाड सापडल्यासारखं झालं. "ऐकलंत?" तो लोकांना म्हणाला. "रेडिओवर कबूल करतोय. मी काय वाईट केलं होतं तुमचं, आजोबा?"

"माझं नाव टीडमन. पाच वर्षांपूर्वी याच खुर्चीतून माझा नंबर फोनच्या पुस्तकात आहे म्हणालात. माझी बायको मरणाच्या खाटेवर होती. फोन तिच्या उशाशी होता." त्याचा आवाज चढला नाही. "लोकांनी तिला काय काय ऐकवलं ते इथे बसलेल्या काही जणांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आज त्या पोराच्या घरी तेच करायचंय तुम्हाला. म्हणून सांगायला उभा राहिलो. त्याला सोडा. मी इथे आहे."

बऱ्याच माना खाली गेल्या. कोणत्या गेल्या ते मी पाहून ठेवलं.

तेवढ्यात पुढच्या टेबलावरून लोर्ना डेनहार्टने विचारलं. ती काही मायक्रोफोनसाठी बोलली नव्हती, नवऱ्याशी बोलली होती. "रॉइस, बाई आजारी आहे हे तुला माहीत होतं?"

त्याला तेव्हा 'नाही' म्हणायला काय जात होतं? एक शब्द. पण चिडलेला माणूस घरच्या माणसाशी खरं बोलतो. "सगळ्या जिल्ह्याला माहीत होतं, लोर्ना," तो खेकसला. "मी थोडेच केले फोन?"

समोरचा मायक्रोफोन चालू होता. चार जिल्ह्यांतल्या गोठ्यांत, ट्रकांत, स्वयंपाकघरांत ते ऐकलं गेलं. निवेदकाने घाईघाईने डुकरांच्या खाद्याची जाहिरात लावली. लोर्नाने पर्स उचलली, गाडीची किल्ली काढली आणि निघून गेली. त्या रात्री त्याला घरी सोडायला कोणी उठलं नाही. ज्याच्या पट्ट्याला धरायला माणूस नेमलेला असायचा, तो पार्किंगमध्ये एकटा उभा होता. मी मुद्दाम गाडी त्याच्यासमोरून हळू नेली.

मोठ्या कॉलेजाने त्याला बोलावलं नाही. ब्लूस्टेमने वर्षअखेर दुसरा माणूस आणला. हल्ली तो म्हणे कुठेतरी दक्षिणेत बोटी विकतो. खपू नयेत अशी माझी इच्छा आहे.

व्हर्लिनला गॅलन रूलने बोलावलं. मीही गेलो. रूल पुस्तक चाळत बसला होता. "रुमाल अचूक आहे," तो म्हणाला. "आणि पोराला सांगायलाच हवं होतं असं कलम कुठे नाही. कशाखाली शिक्षा करू तुला?"

"पोटातल्या पुस्तकाखाली कर," व्हर्लिन म्हणाला आणि घडी घातलेला सदरा टेबलावर ठेवला. रूलने तो परत ढकलला नाही.

येताना मी त्याच्या ट्रकमध्ये होतो. आधी वुब्बेनच्या शेतावर थांबून पोराशी बोलून आला होता; काय बोलला ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मी दुसरंच विचारलं.

"व्हर्लिन, पस्तावा होतोय?"

"पोराचा होतोय," तो म्हणाला. "ते पोर मी वापरलं, तेही डेनहार्टसारखंच."

"आणि डेनहार्टचा?"

त्याने गिअर बदलला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापलेल्या मक्याची खुंटं पसरली होती.

"पुन्हा तीच खेळी आली ना, मर्ल, तर मी पुन्हा गप्प बसेन. फक्त त्या वेळी कडेला उभं असलेलं पोर डेनहार्टचं स्वतःचं हवं."

हे तो हसून म्हणाला असता तर बरं झालं असतं. तो हसला नाही, आणि मीही त्याला तसं बोलू नकोस म्हणालो नाही.